खांबाला लायसन्स लागत नाही

कुंदामावशीला कशाकशाची भीती वाटायची हे सांगायला बसलं तर संध्याकाळ होईल. फ्रीवेची, पोलिसांच्या गाडीची (उभ्या असलेल्यासुद्धा), टपालातून येणाऱ्या खिडकीवाल्या पाकिटांची, कुत्र्यांची, सरकत्या जिन्याच्या पहिल्या पायरीची, आणि पाण्याची. बादलीतल्या नव्हे, ज्याचा तळ दिसत नाही त्या पाण्याची. भीती वाटायची नाही ती फक्त मुलांच्या किंचाळण्याची. एखादं मूल जमिनीवर आडवं पडून घर डोक्यावर घेत असलं, आईबाप पांढरेफटक पडलेले असले, की ही बाई स्वेटरच्या बाह्या वर करून त्याच्या शेजारी मांडी घालून बसायची. मग तिचा चेहरा एकदम सैल व्हायचा, दुपारच्या झोपेतून उठलेल्या माणसासारखा.

ती बिहेवियर अ‍ॅनालिस्ट होती, म्हणजे मुलांचं वागणं बघून त्यांना एकेक सवय शिकवणारी तज्ज्ञ. "होती" लिहिताना संताप येतो. ती आजही आहे, दोन राज्यं पलीकडे आहे. फक्त अमेरिकेतल्या आमच्या या राज्यात नाही. बाई तीच, प्रमाणपत्र तेच. सीमेच्या त्या बाजूला ती तज्ज्ञ आणि या बाजूला गुन्हेगार. मी या विषयावर पत्रकं लिहिते, वाटते, लोकांच्या दारावर थापा मारते, त्यामुळे माझा आवाज चढलेला वाटला तर वाटू दे.

ती आमच्याकडे आली माझ्या भावामुळे. निमिष माझ्याहून खूप लहान, नऊ वर्षांचा. ऑटिझम आहे. बोलतो थोडं, ऐकतो सगळं, आणि धावतो. त्याला पळून जायचं नसतं, त्याला पोचायचं असतं. आणि पोचायचं असतं पाण्याशी. आमच्या टाउनहाउसच्या मागे तळं आहे. इथे नवी वसाहत बांधली की पावसाचं पाणी साठवायला असा एक खड्डा खोदतात, कडेने हिरवळ कातरतात, मध्ये कारंजं लावतात आणि तळ्याकाठचं घर म्हणून गळ्यात मारतात. आम्ही घर घेतलं तेव्हा निमिषचा जन्म झालेला नव्हता. तो चालायला लागल्यापासून आईने त्या कारंज्याचा आवाज ऐकत एक दिवस निवांत काढला नसेल. मागच्या सरकत्या काचेच्या दाराच्या खाचेत बाबांनी लाकडी दांडा टाकून ठेवला होता. त्या दांड्यावर आमचं घर चालायचं.

पहिल्या दिवशी कुंदामावशी आली आणि निमिषकडे बघितलंच नाही. घरभर दारं बघत फिरली. मागच्या दाराशी आली, तळं पाहिलं आणि तिच्या तोंडाचा रंग उतरला.

"अनघा," ती आईला म्हणाली, "मला या पाण्याची लई भीती वाटून राहिली."

बाबा माझ्याकडे बघून भुवया उडवत होते, की ही बाई आपल्याला मदत करणार?

मग तिने विचारलं, "तो निघाला की तुम्ही काय ओरडता? करून दाखवा."

आम्ही दाखवलं. आई म्हणाली, "अरे अरे अरे!" बाबा म्हणाले, "स्टॉप!" मी म्हणाले, "निमू, नो!" पुण्याहून व्हिडिओवर असलेली आजी म्हणाली, "बाळा, तिकडे बागुलबुवा!" सगळे एकदम ओरडलो. निमिष टेबलाखाली गेला.

"होय बाप्पा," मावशी म्हणाली. "मीपण गेले असते टेबलाखाली."

तिने आम्हाला एक शब्द दिला. घरात रोज कोणी उच्चारत नाही असा, कुठल्याही गर्दीत कानाला वेगळा लागेल असा: भोज्जा. पकडापकडीतला. खांबाला, भिंतीला, झाडाला हात लावून भोज्जा म्हटलं की तुम्हाला कोणी पकडू शकत नाही, तो. निमिषला शिकवायचं इतकंच की हा शब्द ऐकला की असशील तिथे वळायचं, जवळची पक्की वस्तू दोन्ही हातांनी धरायची आणि आपलं माणूस पोचेपर्यंत तिथेच राहायचं.

"थांब म्हटलं की मुलाला रिकामं उभं राहावं लागतं," ती म्हणाली. "रिकामं उभं राहणं कठीण असते. आपल्याला तरी जमते का? त्याच्या हातांना काम द्या."

तिच्या पर्समध्ये एक चपटी डबी असायची. तीत राजगिऱ्याची चिक्की, तुरीच्या डाळीएवढे तुकडे केलेली. निमिषने भिंतीला हात लावला की एक तुकडा आणि एक वाक्य. "शाब्बास" कधीच नाही. "भिंतीला हात लावलास. थांबलास." जे केलं तेच सांगायचं. बाबांनी एकदा योग्य वेळी, योग्य आवाजात शब्द टाकला तर तिने त्यांच्याही तळहातावर एक तुकडा ठेवला. "मंदार, एकदाच म्हटलंस. मोठ्याने म्हटलंस. मग गप्प बसलास." एका कंपनीत तीस माणसं हाताखाली असलेले आमचे बाबा तो तुकडा चघळत दिवसभर खूश होते.

आधी घरात, मग गॅरेजमध्ये, मग पार्किंगमध्ये, मग ग्रोसरीच्या दुकानात. शब्द मात्र फार जपून. उगाच म्हणायचा नाही, गंमत म्हणून म्हणायचा नाही, आणि म्हटला तर चिक्की द्यायचीच. "विळीवर नारळ खवायचा असतो, अनघा. दगड खवला की धार गेली." पाण्याजवळचा धडा तिने सर्वांत शेवटी ठेवला होता. का, ते आम्ही तेव्हा विचारलं नाही.

तिच्या भित्रेपणाच्या गोष्टी आमच्या महाराष्ट्र मंडळात सांगितल्या जायच्या. आम्ही एकदा तिच्या गाडीतून एडिसनच्या देशी बाजारात गेलो, दिवाळीच्या सामानाला. ती डाव्या लेनमध्ये गेलीच नाही. मागचे ट्रक भोंगे वाजवत होते आणि ही त्यांना आरशात बघून "सॉरी, सॉरी" म्हणत होती. दुकानात पिशवीतून पासपोर्टची झेरॉक्स पडली. बाबा म्हणाले, "कुंदाताई, मेथी घ्यायला पासपोर्ट?"

"विचारलं तर?"

"कोण विचारणार? तो मेथीवाला?"

ती हसली, पण झेरॉक्स पुन्हा घडी करून ठेवली. ती, तिचा नवरा आणि कॉलेजातली मुलगी, तिघं कितीतरी वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत होते. रांगेत उभ्या माणसाला शिंकायची पण भीती वाटते, हे मला ती भेटेपर्यंत कळलं नव्हतं.

आता गणपतीची गोष्ट. आमचं मंडळ एका शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घेतं. आरतीला कापूर लावू नका असं शाळेने बजावलं होतं. आपली माणसं! "थोडासाच" लावला. आग लागल्याचा भोंगा सुरू झाला, दिवे लुकलुकायला लागले, आणि निमिष दोन्ही कान दाबून दार ढकलून बाहेर. बाहेर पार्किंग. उशिरा आलेल्या गाड्या जागा शोधत वळतायत, आणि मागे बघणारे कमी, फोनवर बोलणारे जास्त.

तेवढ्यात माझ्या मागून एक हाक आली. कुंदामावशीचा आवाज एरवी इतका बारीक, की फोनवर दोनदा विचारावं लागायचं. "भोज्जा!"

निमिष गर्रकन वळला आणि दिव्याच्या खांबाला दोन्ही हातांनी चिकटला. त्याच्या पुढून एक व्हॅन गेली. आणि हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय: त्याच क्षणी आमचे निवृत्त डॉक्टर काका शाळेच्या भिंतीला हात लावून उभे होते. मंडळाचे अध्यक्ष कठड्याला. दोन नऊवारीतल्या काकू एकाच गाडीच्या बॉनेटला, आणि त्या गाडीचाही भोंगा वाजायला लागला. पन्नास-साठीची माणसं. कोणी ठरवून केलं नाही. हात आपोआप गेले.

सगळे हसून हसून वाकले. मावशी हसली नाही. खांबापर्यंत चालत गेली, "खांबाला हात लावलास. थांबलास," म्हणाली, चिक्की दिली, निमिषचा हात आईच्या हातात दिला, आणि मग मटकन फुटपाथच्या कडेला बसली. शिऱ्याची कागदी डिश तशीच तिच्या मांडीवर उलटी.

नव्या वर्षापासून कायदा लागू झाला. त्याआधी आमच्या राज्यात या कामाला लायसन्सच नव्हतं. लायसन्स असू नये असं मी म्हणत नाही. पण कायद्यात लिहिलं होतं की लायसन्स मिळेल ते परीक्षा घेणाऱ्या एकाच मंडळाचं प्रमाणपत्र असलेल्याला. या मंडळाने परदेशात शिकलेल्यांना दार लावून घेतलं होतं. मावशी नागपूरला शिकलेली, आणि ते दार लागलं तेव्हा तिथेच एका विशेष शाळेत काम करत होती. म्हणून तिने दुसऱ्या मंडळाची परीक्षा दिली. तीही कडक, तिलाही देखरेखीखालचं काम लागतं, तिथेही चुकलात तर प्रमाणपत्र जातं. काही राज्यं ते मानतात. आमचं मानत नाही. बस. त्या दिवसापासून तिने निमिषला "हात लावलास, थांबलास" म्हटलं तर तो विनापरवाना व्यवसाय.

बाबांनी आपल्याकडचा नेहमीचा तोडगा काढला. "ताई, तुम्ही मावशी म्हणून या. चहाला या. आपल्यातच तर आहे, कोण बघतंय?"

"चहाला येईन," ती म्हणाली. "पण काम नाही, मंदार. सल्लापण नाही. मी तो कायदा वाचला. पुन्हा वाचला. सल्ला त्यात येतो. माझ्या एकटीचं असतं तर गोष्ट वेगळी होती. तिघांची रांग आहे."

"आणि पाण्याजवळचा धडा?" आईने विचारलं.

मावशीने कप बशीत ठेवला. लायसन्सवाल्या लोकांच्या प्रतीक्षायादीत तुमचं नाव घाला, एवढंच म्हणाली.

चहाला मात्र यायची. सोफ्याच्या कडेला बसायची आणि दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून ठेवायची. मला आधी वाटलं थंडी वाजतेय. मग लक्षात आलं, निमिष जवळून गेला की तिचे खांदे पुढे यायचे, आणि ती ते मागे ओढायची. कप उचलायला एकच हात काढायची, घोट घेऊन पुन्हा खाली.

गणपतीनंतर "भोज्जा" मंडळात फार लोकप्रिय झाला होता. संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या घरी होतं. वर बायका, खाली बेसमेंटमध्ये पोरं. पोरांना शोध लागला होता की निमिषला भोज्जा म्हटलं की तो भिंतीला चिकटतो. झालं. "Bhojja!" निमिष भिंतीला. "Bhojja!" निमिष फ्रीजला. "Do it again, do it again!" वाईट नव्हती पोरं, त्यांना वाटत होतं तो त्यांच्यात खेळतोय. त्यालाही तसंच वाटत असावं, तो हसत होता. चिक्की कोणी देत नव्हतं. हळूहळू तो दोन्ही हातांऐवजी एका हाताने टेकायला लागला, मग नुसत्या बोटांनी, मग जाता जाता.

जिन्यावरून हे दिसत होतं. आईला ते कळत होतं आणि नेमकं काय करायचं ते कळत नव्हतं. ती मावशीकडे वळली. "ताई, हे... मी त्याला थांबवू? की पोरांना? आता शब्द बदलायचा का?"

मावशीचा चेहरा पार उतरला होता. "तिळगूळ छान झालाय हो," ती म्हणाली.

"ताई!"

"जायफळ घातलं ना? जायफळच."

मग ती माझ्याकडे वळली. मला कोपऱ्यात घेऊन अगदी गंभीरपणे विचारलं, "पोरी, तुला कायदा माहीत आहे. लगोरीला लायसन्स नाही ना लागत?"

मी म्हणाले नाही. ती खाली उतरली, तिळगुळाच्या रिकाम्या कागदी वाट्यांचा मनोरा केला, मोज्यांचा चेंडू केला, आणि तासभर त्या पोरांना लगोरी खेळवली, घामाघूम होईपर्यंत. भोज्जा कोणाला आठवला नाही. त्या दिवसापुरता. पण धार गेली होती, आणि घरात ज्या एका माणसाला ती परत लावता येत होती ते माणूस हात मांड्यांखाली घालून बसणार होतं.

याच सुमाराला दुसरी प्रमाणपत्रंही मानावीत असं दुरुस्ती विधेयक आलं. मी पत्रक लिहिलं. ते मावशीला दाखवलं तर तिने त्यातली सगळी उद्गारचिन्हं खोडली. "इतक्यांदा ओरडून राहिली तू! पोलिस येतील." आणि खाली एक ओळ स्वतः घातली: ज्यांची परीक्षाच झालेली नाही त्यांना मुलांजवळ येऊ देऊ नका. मी म्हणाले, "मावशी, ही ओळ त्यांच्या बाजूची आहे." ती म्हणाली, "मुलांच्या बाजूची आहे."

विधेयकावरच्या सुनावणीला तिला नेणं म्हणजे मांजरीला आंघोळ घालणं. तीनदा नाही म्हणाली. चौथ्यांदा आईने विचारलं, मी नाही, आणि ती आली. राजधानीतली लांबलचक खोली, उंचावर बसलेले आमदार, खाली माईक. आमच्या आधी एक गोरे गृहस्थ विरोधात बोलले. त्यांच्या मुलाला कुण्या स्वयंघोषित तज्ज्ञाने खुर्चीत दाबून धरून बसवलं होतं, महिनोन्‌महिने. मूल आजही खुर्ची बघून चड्डी ओली करतं. तो माणूस माईकवर वाकला. "यांच्यासाठी दार उघडू नका," तो म्हणाला.

मावशीचं नाव पुकारलं. मी तिला टाळीची वाक्यं लिहून दिली होती. तिने माईक धरला आणि इंग्रजीत म्हणाली, "आधीचे गृहस्थ बरोबर बोलले."

मी डोकं धरलं.

"मला त्यांची भीती कळते," ती पुढे म्हणाली. "मलाही खूप भीती वाटते. मी जिथे थांबले तिथे एका मुलाचा धडा अर्धा राहिलाय. अर्धा धडा काही न शिकवण्यापेक्षा वाईट असू शकतो. तुम्ही माझी परीक्षा घ्या. पाहिजे तितकी कठीण घ्या. पण घ्या."

एका बाईने मान डोलावली. समितीच्या अध्यक्षांनी आभार मानले. विधेयक समितीत राहिलं. पुढच्या सत्रात बघू म्हणाले. अजून बघतायत.

मार्चमधला रविवार. तळ्यावरचा बर्फ करडा झाला होता, कडेने पातळ, मध्ये उघडं पाणी. मावशी चहाला आली होती, नवऱ्याची बदली झाल्याचं सांगायला. जिथे तिचं प्रमाणपत्र चालतं तिथे. आई रडत होती आणि आनंदही झालाय असं म्हणत होती. बाबा टेबलक्लॉथ झटकायला मागच्या लाकडी डेकवर गेले, आत आले, आणि दांडा खाचेत टाकायचा राहिला. तेवढ्यात वसाहतीच्या माणसाने, वसंत आला म्हणून, कारंजं चालू करून बघितलं.

आवाज आला. निमिषने मान वर केली. आम्ही उठेपर्यंत तो डेकच्या पायऱ्या उतरला होता.

"भोज्जा!" बाबा ओरडले.

त्याने धावता धावता स्वतःच्या मांडीवर थाप मारली आणि पुढे गेला. ते दृश्य मी विसरणार नाही. त्याने ऐकलं होतं. त्याने त्याच्या मते केलंही होतं.

"निमू! निमू! भोज्जा! अरे भोज्जा!" आई, बाबा, मी. शब्दाची भाजी झाली.

"गप्प बसा." मावशी होती. नुसत्या मोज्यांवर डेकवर आली होती, एका हाताची मूठ आवळलेली. आम्ही गप्प झालो. कारंज्याचा आवाज तेवढा राहिला. मग ती ओरडली. एकदाच. पार्किंगमधला आवाज.

तो थांबला. वळला. इकडे तिकडे बघायला लागला. हिरवळीवर काही नव्हतं. झाड नाही, भिंत नाही, खांब नाही. धरायला एकच वस्तू: पाण्याच्या अगदी कडेला रोवलेला, "बर्फ पातळ आहे" असं लिहिलेल्या पाटीचा खांब. निमिष आज्ञाधारकपणे, पूर्ण वेगाने, त्या खांबाकडे धावला.

आईने पाऊल उचललं तर मावशीने तिचा दंड धरला. "पळू नको. कोणी पळू नका. पाठलाग वाटेल त्याला."

तो खांबाला चिकटला. दोन्ही हातांनी. एक पाय चिखलावर, एक पाय बर्फाच्या काठावर. बर्फ करकरला, आम्हाला डेकवर ऐकू आला. तो त्याकडे वाकून बघायला लागला.

मावशी पायऱ्या उतरली आणि चालायला लागली. मंडईत निघालेल्या बाईसारखी. ओल्या गवतात मोजे भिजत होते. "खांबाला हात लावलास," ती मोठ्याने, सपाट आवाजात म्हणत होती, "थांबलास. खांबाला धरलंस. थांबलास." प्रत्येक वेळी जणू पहिल्यांदा सांगतेय अशी. जवळ पोचली, त्याची कॉलर धरली, मग दंड, मग त्याला कडेवर घेतला, नऊ वर्षांच्या पोराला, आणि पाण्याकडे न बघता मागे आली. मुठीत ग्लुकोज बिस्किट होतं, चहात बुडवलेलं. त्याचा लगदा तिने त्याला भरवला.

पलीकडच्या शेजाऱ्याने 911 लावला होता. पोलिस आला. तरुण, नम्र. सगळं ऐकलं, दाराची खाच बघितली, कुलूप बसवा म्हणाला. मग मावशीकडे वळून कौतुकानेच विचारलं, "हे असं करायचं तुम्हाला कसं कळलं?"

खरं उत्तर म्हणजे विनापरवाना व्यवसायाची कबुली.

"लहानपणी आम्ही खेळायचो," मावशी म्हणाली. "हा खेळ आहे."

तो हसला आणि गेला. ती बाथरूममध्ये गेली. नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आली तेव्हा आई पाया पडायला वाकली, तर मावशी भिंतीपर्यंत मागे सरकली.

"मी या राज्यात आहे तोवर, आज काय केलं ते सांगू नका कोणाला. आणि अनघा, तो खांब तिथे आहे हे मी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं. म्हणून तर पाण्याचा धडा शेवटी ठेवला. पाण्याजवळ भोज्जा वस्तू नसते, माणूस असते. पाण्याकडे पाठ करायची आणि माणसाला येऊन हात लावायचा. तेवढंच राहिलं होतं."

बोलून झाल्यावर तिने तोंडावर हात ठेवला. सल्ला दिला होता ना.

एप्रिलमध्ये यादीतून आमचा नंबर लागला. मेगन आली, माझ्याच वयाची, योग्य त्या मंडळाचं प्रमाणपत्र असलेली. तिच्यावर रागवायचं मी ठरवलं होतं, पण ती चांगली निघाली. आईने तिला भोज्जाचं सगळं सांगितलं, तो मार्चमधला रविवार सोडून. मेगन म्हणाली, माणूस हा भोज्जा, हे उत्तम आहे. सुरुवातीला त्याच्या ओळखीचं, पण घरचं नसलेलं कोणी तिथे उभं राहील का?

आईने फोन लावला. मावशीचा पहिला प्रश्न: "बोलायचं नाही ना? नुसतं उभं राहायचं? खांबासारखं?" तिने मेगनलाही तेच विचारलं, आणि आपल्या नवऱ्यालाही.

उभं राहायला हरकत नाही. खांबाला लायसन्स लागत नाही.

ती आली. अंगात नारिंगी लाइफ जॅकेट, बकलं गळ्यापर्यंत लावलेली, आणि उभी कुठे, तर तळ्यापासून चांगल्या अंतरावर, सुक्या गवतात. शेजारपाजारचे खिडक्यांतून बघत होते. मेगन आपल्या अमेरिकन जिभेने "भोज्जा" म्हणायची, निमिष पाण्याच्या वाटेवरून वळायचा आणि धावत येऊन मावशीच्या जॅकेटवर दोन्ही पंजे आदळायचा. चिक्की मेगन द्यायची. वाक्यही मेगन म्हणायची. मावशीचे ओठ मिटलेले, हात पाठीमागे एकमेकांत घट्ट. जिने हे सगळं उभं केलं तिला राज्याने एवढी एक परवानगी दिली होती. मी ते पत्रकात लिहिलं. यावेळी उद्गारचिन्ह ठेवलं.

रोज येत होती, सामान बांधता बांधता. शेवटच्या दिवशी मेगन आपली पिशवी आवरत होती, धडा संपला होता. निमिष डेकच्या पायरीवर बसला होता. कारंजं चालू होतं. तो उठला, आईने दचकून हात पुढे केला, पण तो तळ्याकडे गेला नाही. गवतातून चालत मावशीपाशी गेला आणि दोन्ही हात तिच्या पोटावर ठेवून उभा राहिला.

कोणी हाक दिली नव्हती.

मावशीने त्याच्याकडे बघितलं नाही. मेगनकडे बघितलं, घाबरून. "हे माझ्यामुळे नाही," ती म्हणाली. "मी काही बोलले नाही. मी हात हलवला नाही. तुम्ही पाहिलं ना?"

"पाहिलं," मेगन म्हणाली.

निमिषने आपणहून हात काढेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग गाडीत बसली. लाइफ जॅकेट काढायचं विसरली, पट्टा त्याच्यावरूनच लावला, आणि स्टीअरिंगच्या मागे ती नारिंगी, फुगलेली, ताठ दिसत होती. वसाहतीच्या तोंडाशी स्टॉपची पाटी आहे. रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा होता. ती थांबली. इतका वेळ थांबली की आई म्हणाली, "परत येतेय की काय?" मागे कोणी नव्हतं, पुढे कोणी नव्हतं, आणि तिचा उजवा दिवा लुकलुकत राहिला. मग ती अगदी हळू वळली.